देवांची प्रीतिकथा आणि तरुण वाचक : आणे पठाराच्या परिसरातून एक आढावा

गेल्या वीस वर्षांत इंग्रजी ग्रंथव्यवहारात एक कथाप्रकार विलक्षण फोफावला आहे. पुराणातील एखादा देव, एखादा शाप किंवा पाताळलोक घ्यायचा, त्या अद्भुत सृष्टीत सोळा-सतरा वर्षांची नायिका आणून सोडायची आणि तिच्या पहिल्या प्रेमाची गोष्ट सांगायची, असे या प्रकाराचे ढोबळ स्वरूप आहे. ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणजे बालपण संपलेल्या पण प्रौढत्वात अजून न शिरलेल्या, साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठीचे साहित्य, आणि ‘फँटसी रोमान्स’ म्हणजे अद्भुताच्या पार्श्वभूमीवर रचलेली प्रीतिकथा, अशी या दोन संज्ञांची फोड करता येते. रिक रायर्डन यांच्या पर्सी जॅक्सन मालिकेने २००५ पासून ग्रीक देवतांना शाळकरी वाचकांच्या घरात आणले, रेचल स्माइथ यांच्या ‘लोर ऑलिंपस’ या चित्रकथेने २०१८ पासून पाताळाचा राजा हेडीझ आणि पर्सेफनी यांचे प्रेम नव्याने रंगवले आणि भारतीय वंशाच्या रोशनी चोक्शी यांनी ‘द स्टार-टच्ड क्वीन’ (२०१६) मध्ये पत्रिकेतच मृत्यूशी विवाह लिहिलेल्या राजकन्येची कथा हिंदू पुराणांच्या आधाराने उभी केली. मराठी घरांतील मुलेमुलीही ही पुस्तके वाचतात, पण ती इंग्रजीतून वाचतात, आणि पंधरा वर्षांच्या वाचकाच्या हाती देता येईल असे त्या तोडीचे मूळ मराठी पुस्तक शोधू लागले की हात रिकामा राहतो.

यावरून मराठीत हा प्रकारच नव्हता असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. देवांची प्रीतिकथा तरुणांना सांगण्याची परंपरा मराठीत सातशे वर्षांहून अधिक जुनी आहे, तिचे अवशेष पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नर-आंबेगावच्या खोऱ्यांत आणि जुन्नरच्या पूर्वेकडील आणे पठारावर आजही जिवंत आहेत, आणि तिच्यात जे आहे ते आयात केलेल्या पुस्तकांत क्वचितच सापडते. अडचण परंपरेच्या अभावाची नाही. ही परंपरा गाण्यात, पारायणात, रंगभूमीवर आणि दूरचित्रवाणीवर राहिली आणि छापील पुस्तकाने मात्र तिला तरुण वाचकापर्यंत नेले नाही, हे खरे दुखणे आहे. प्रस्तुत आढाव्याचा रोख त्या दुखण्याकडे आहे.

या परिसराचा पुराणकथेशी असलेला लेखी संबंध सातवाहनकाळापासून सुरू होतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून घाटावर येणारा माल नाणेघाटातून जुन्नरला आणि पुढे पैठणला, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानला जात असे, आणि त्या घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख कोरलेला आहे. सामान्यतः इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानल्या जाणाऱ्या या लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, चंद्र-सूर्य, चार लोकपाल आणि संकर्षण-वासुदेव यांना वंदन केले आहे. संकर्षण-वासुदेव म्हणजे बलराम आणि कृष्ण, आणि दख्खनच्या कोरीव लेखांत त्यांची नावे इतक्या लवकर येणे ही मोलाची गोष्ट आहे. जो कृष्ण पुढे मराठी प्रीतिकथेचा सर्वांत लाडका नायक होणार होता, त्याचे नाव जुन्नरच्या वेशीवर दोन हजार वर्षांपूर्वीच कोरले गेले होते.

त्याच सातवाहनांच्या नावावर हाल राजाची ‘गाथासप्तशती’ आहे. महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे सातशे सुट्या गाथांच्या या संग्रहात नांगरट करणारे शेतकरी, त्यांच्या बायका, वाटसरू, गवळणी आणि संकेतस्थळी जाणाऱ्या मुली आहेत, राधेचा कृष्णासह उल्लेख असलेल्या सर्वांत जुन्या रचनांपैकी एक याच संग्रहात आहे, आणि स. आ. जोगळेकर यांच्या मराठी आवृत्तीमुळे (१९५६) तो आजच्या वाचकाच्या आवाक्यात आला आहे. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची, आणि दुर्दैवाने त्याहून फारच कमी वाचली गेलेली रचना म्हणजे कोऊहल कवीची ‘लीलावई’ होय. साधारण आठव्या-नवव्या शतकातील या महाराष्ट्री प्राकृत कथाकाव्याचा नायक प्रतिष्ठानचा सातवाहन राजा आहे, नायिका सिंहलद्वीपाची राजकन्या लीलावती आहे, आणि त्या दोघांच्या भोवती यक्ष, गंधर्व, सिद्ध, शापाने राक्षस झालेला एक राजपुत्र आणि पाताळाचा प्रवास असा सारा अद्भुताचा संसार आहे. या कथेत लग्न लांबते ते शत्रूमुळे किंवा बापाच्या विरोधामुळे नव्हे. गोदावरीकाठच्या आश्रमात भेटलेली मैत्रीण महानुमती हिचा हरवलेला प्रियकर परत मिळेपर्यंत आपण लग्न करणार नाही, असे लीलावती ठरवते आणि राजाला थांबावे लागते. मैत्रिणीच्या सुखासाठी स्वतःचे प्रेम अडवून धरणारी नायिका आजच्या तरुण वाचकाला किती जवळची वाटेल हे सांगायला नको. आ. ने. उपाध्ये यांनी १९४९ मध्ये ही कथा शास्त्रशुद्ध संपादित करून दिली, पण मराठी किशोरांसाठी ती कोणी सोपी करून सांगितल्याचे दिसत नाही.

मराठी भाषा ग्रंथात अवतरली त्यानंतर थोड्याच काळात रुक्मिणीची कथा पुढे आली. महानुभाव पंथातील महदाइसेने तेराव्या शतकात गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाचे ‘धवळे’ रचले, त्याच शतकाच्या अखेरीस नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले, १५७१ मध्ये एकनाथांनी काशीत आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले, आणि १९१६ मध्ये कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘संगीत स्वयंवर’ नाटकात बालगंधर्वांची रुक्मिणी रंगभूमीवर उभी राहिली. या सहाशेहून अधिक वर्षांत कथेचा गाभा बदलला नाही. भावाने शिशुपालाशी ठरवलेले लग्न विदर्भाच्या मुलीला मान्य नाही, तिने न पाहिलेल्या कृष्णाला मनोमन वरले आहे, आणि ती स्वतः पत्र लिहून एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पाठवते, एवढेच नव्हे तर आपल्याला कुठून आणि केव्हा न्यावे याचा बेतही त्याच पत्रात कळवते. पळवून नेणारा कृष्ण असला तरी बेत रुक्मिणीचा आहे. एकनाथांच्या या ग्रंथाला महाराष्ट्रात जे विशिष्ट वाचक लाभले ते असे की, उपवर मुलीने मनासारखा नवरा मिळावा म्हणून रुक्मिणीस्वयंवराचे पारायण करावे, ही रीत घरोघर रुजली आणि अनेक घरांत ती आजही पाळली जाते. एकनाथांनी या विवाहात जीव आणि शिव यांचे ऐक्य पाहिले, हे अभ्यासक आवर्जून सांगतात आणि ते खरेच आहे. परंतु पाटावर बसून रोज एक प्रसंग वाचणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने त्या पत्रात काय वाचले असेल, याचा विचार अभ्यासकांनी फारसा केलेला नाही. मराठीत तरुण वाचकासाठी पुराणाधारित प्रीतिकथा कोणती, या प्रश्नाचे पहिले आणि सर्वांत भक्कम उत्तर हेच पारायण आहे.

येथे वयाचा प्रश्न टाळता येत नाही. ज्या अवस्थेला आज किशोरवय म्हटले जाते, ती अवस्था एकोणिसाव्या शतकातील बहुतेक मराठी मुलींच्या वाट्याला येतच नव्हती, कारण आठव्या-दहाव्या वर्षी लग्न होऊन त्या थेट बाळपणातून सासरी जात. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षे केली तेव्हा पुण्यात केवढे वादळ उठले हे सर्वज्ञात आहे, आणि मुलींसाठी विवाहाची किमान मर्यादा चौदा वर्षे ठरवणारा शारदा कायदा १९२९ मध्ये संमत झाला. प्रत्यक्ष जीवनात पसंती, ओढ, विरह आणि होकार यांना जागाच नव्हती, म्हणून त्या भावना पुराणांतील नायिकांच्या ओटीत टाकल्या गेल्या. दमयंती, उषा, सुभद्रा, रुक्मिणी या साऱ्या जणी उपवर आहेत, स्वतः निवड करतात आणि त्या निवडीसाठी धोका पत्करतात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’ (१८८२) या नाटकाची अफाट लोकप्रियता केवळ पदांच्या गोडव्यामुळे नव्हती. बलरामाने दुर्योधनाला देऊ केलेली सुभद्रा आणि संन्याशाच्या वेषातील अर्जुन यांच्या कथेत प्रेक्षागृहातील तरुणांना असे काही दिसत होते जे त्यांच्या स्वतःच्या घरात घडणे शक्य नव्हते. पुराणाचा आधार असल्यामुळे वडीलधाऱ्यांची हरकत नव्हती, हेही खरे.

छापील कादंबरीने मात्र वेगळी वाट धरली. तिचा आरंभ अद्भुतरम्यच होता: लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कथांत सुंदर राजपुत्र, संकटे, योगायोग आणि चमत्कार यांची रेलचेल आहे. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये नावल व नाटक या विषयांवरील आपल्या निबंधात या प्रकाराच्या अवास्तवतेवर टीका केली, पुढे हरि नारायण आपटे यांनी १८८५ नंतर वास्तवाची कास धरली, आणि प्रतिष्ठित मराठी कादंबरीतून अद्भुत जवळजवळ हद्दपार झाले. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ (१९१३) सारखी पुस्तके तरुणांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचली, पण समीक्षेने त्यांना बाजूच्या पंगतीला बसवले. वास्तववादाचे ऋण मोठे आहे, तरीही अद्भुत म्हणजे पोरकट ही समजूत त्या काळात जी पक्की झाली, तिची किंमत मराठी तरुण वाचक आजवर चुकवत आहे.

विसाव्या शतकात पुराण कादंबरीत परतले ते वेगळ्या वयाचे होऊन. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९), शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ (१९६७), रणजित देसाईंचे ‘राधेय’ (१९७३) या कादंबऱ्यांनी, आणि वैचारिक बाजूने इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने, महाभारताला घराघरांत नेले, आणि शाळा-महाविद्यालयांतील असंख्य मुलामुलींनी त्या वाचल्या. पण त्या सर्वांचा दृष्टिकोन मागे वळून पाहणाऱ्या माणसाचा आहे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात तेव्हा वासनेचा हिशेब झालेला असतो, आणि कर्णाचे निवेदन तर अन्यायाच्या ओझ्याखालीच सुरू होते. कच आणि देवयानी यांची कथा वास्तविक ऐन तारुण्यातील आहे: शत्रुपक्षाचा विद्यार्थी गुरुगृही येतो, गुरुकन्येचे त्याच्यावर प्रेम जडते, त्याला पुनःपुन्हा मारले जाते, प्रत्येक वेळी ती बापाकडून त्याला जिवंत करवते आणि शेवटी तो तिला नाकारतो. खाडिलकरांनी ‘संगीत विद्याहरण’ (१९१३) मध्ये ती रंगभूमीवर आणली. परंतु कादंबरीत ती प्रौढ देवयानीच्या कडवटपणाची पूर्वपीठिका म्हणूनच उरली. पहिल्या प्रेमाच्या वेळी, त्याचा शेवट ठाऊक नसताना, माणसाला जे वाटते ते सांगणारी पुराणकादंबरी मराठीत जवळपास नाही. याला बालसाहित्याने पूरक कारण पुरवले. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निष्ठेने चालले आहे आणि त्याने पुराणकथा, विज्ञानकथा, साहसकथा भरपूर दिल्या. मात्र शालेय वयाच्या वाचनात प्रेमाचा विषय येऊ नये हा संकेत एकूण मराठी बालकुमार साहित्याने पाळला, आणि त्यामुळे बालकथा संपते तेथून प्रौढ कादंबरी सुरू होईपर्यंतची काही वर्षे ओसाड राहिली.

या ओसाड जागेत जी कथा सर्वांत आधी यायला हवी होती, ती आणे पठाराच्या परिसरात रात्र-रात्र गायली जाते. जुन्नरकडून अहिल्यानगरच्या दिशेने जाताना आणे घाट चढून गेले की ऊस, द्राक्षे आणि टोमॅटोचा हिरवा पट्टा मागे पडतो आणि मुरमाड, कमी पावसाचा माळ सुरू होतो. रंगदास स्वामींच्या उत्सवातील आमटी-भाकरीच्या महाप्रसादामुळे आणे गाव सर्वदूर ठाऊक आहे. परंतु या माळाचे, आणि त्याला लागून असलेल्या पारनेर तालुक्याचे, लोकदैवत खंडोबा आहे. पठारावरच नळवणे येथे डोंगरावर कुलस्वामी खंडेरायाचे ठाणे आहे, पलीकडे पिंपळगाव रोठा येथे कोरठण खंडोबा आहे, जुन्नर तालुक्यात वडज आणि धामणखेल, तर आंबेगावात धामणी येथे म्हाळसाकांताची, म्हणजे खंडोबाचीच, स्थाने आहेत.

खंडोबाचे संस्कृत ‘मल्हारी माहात्म्य’ मणी आणि मल्ल या दैत्यांच्या वधावर भर देते. लोकांनी मात्र देवाच्या पराक्रमापेक्षा त्याच्या संसारावर अधिक प्रेम केले. त्याची पहिली पत्नी म्हाळसा ही नेवाश्याच्या लिंगायत वाण्याची मुलगी, तिच्याशी पालीला पौष पौर्णिमेस रीतसर लग्न झालेले. आणि दुसरी बाणाई ही धनगराची मुलगी, जिचे माहेर मालेगावजवळच्या चंदनपुरीला मानतात. गाण्यांत येणाऱ्या कथेचे पाठ अनेक आहेत, पण तिचा सर्वसाधारण ओघ असा आहे. सारीपाटाच्या डावात म्हाळसेकडून हरल्यामुळे देवाला बारा वर्षे घर सोडावे लागते. तो वेष पालटून बाणाईच्या बापाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, चाकर म्हणून राहतो, लेंड्या काढतो, वाडा झाडतो, मेंढरे वळतो. त्याच्या गबाळ्या रूपावर सारे हसतात, बाणाईही त्याला चाकराप्रमाणेच वागवते. एके दिवशी मेंढरे धुवायला नेली असता तो ती आपटून मारून टाकतो, हाहाकार होतो, आणि बाणाईचा हात मिळाल्यास कळप जिवंत करीन असे तो सांगतो. होकार मिळतो, भंडारा उधळला जातो, मेंढरे उठून उभी राहतात. त्यानंतर जेजुरीला म्हाळसेशी जो सवतीचा तंटा होतो तो तर गाण्यांचा अक्षय विषय आहे, आणि जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवाशेजारी असताना बाणाईचे देऊळ अर्ध्या वाटेवर आहे, ही त्या तंट्याची आजही डोळ्यांना दिसणारी खूण आहे.

रा. चिं. ढेरे यांनी ‘खंडोबा’ (१९६१) या ग्रंथात या दैवताचा पट प्रथम सविस्तर मांडला, आणि गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत महाराष्ट्रभर हिंडून त्यामागचा सामाजिक अर्थ उलगडला. सोन्थायमरांच्या विवेचनाचे सूत्र असे की म्हाळसा ही ‘क्षेत्रा’ची, म्हणजे नांगरलेल्या, वसलेल्या, बाजारपेठ असलेल्या जगाची प्रतिनिधी आहे, तर बाणाई ही ‘वना’ची, म्हणजे माळरान, कळप आणि भटकंती यांची. देव दोघींचा आहे, कारण शेतकरी आणि मेंढपाळ यांना एकमेकांवाचून जगता येत नाही. या सूत्राचा पडताळा जुन्नर-आंबेगावइतका लख्ख क्वचितच मिळेल. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे, म्हणजे माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, याच दोन तालुक्यांत आहेत आणि त्यांनी खालची खोरी बागायती केली. उंचावरील आणे पठार मात्र त्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे मागणी करत राहिले. पीक निघाल्यावर धनगरांचे वाडे खालच्या शेतांत उतरतात, खतासाठी रानात मेंढरे बसवली जातात, शेतकरी त्याबदल्यात धान्य किंवा पैसा देतो. म्हाळसेचे शेत आणि बाणाईचा कळप यांची ही गाठ या परिसरात दर हंगामाला पडते, आणि म्हणून येथे ही प्रीतिकथा जुनी होत नाही.

ती सांगितली जाते तो प्रसंगही लक्षात घेण्याजोगा आहे. ज्यांचे कुलदैवत खंडोबा आहे अशा घरात लग्न झाले की जागरण घालतात. अंगणात चौक भरून उसाची किंवा ज्वारीची पाच ताटे उभी करतात, घट बसवतात, दिवटी पाजळतात, तळी भरतात, आणि मग खंडोबाचे उपासक गायक, म्हणजे वाघ्या तुणतुणे व खंजिरी आणि मुरळी घोळ वाजवत, रात्रभर देवाच्या कथा लावतात. कपाळी भंडारा लावलेले, अंगावरची हळद अजून न उतरलेले नवे जोडपे समोर बसलेले असते. देव स्वतः प्रेमात पडला, त्यासाठी त्याने शेण काढले, दोन बायकांच्या भांडणात त्याची त्रेधा उडाली, हे त्या जोडप्याला घरच्या-दारच्यांसमोर, आजी-आजोबांसमोर ऐकवले जाते. प्रेमाची गोष्ट तरुणांना सांगायची तर ती चोरून सांगावी लागते असे ज्यांना वाटते, त्यांनी एक जागरण पूर्ण ऐकावे.

तथापि या कथेचा गौरव करताना तिची काळी बाजू झाकणे हा अपराध ठरेल. देव आणि मर्त्य मुलगी यांचे लग्न ही कल्पना परक्या कादंबऱ्यांत रोमांचक वाटते. महाराष्ट्रात ती मुलींच्या आयुष्यात अक्षरशः अमलात आणली गेली. नवस फेडण्यासाठी लहान मुलगी खंडोबाला वाहायची, देवाशी तिचे लग्न लावायचे, तिच्या गळ्यात कवड्यांची माळ घालायची, आणि त्यानंतर तिला माणसाशी लग्न करता येत नसे. अशा मुरळ्यांच्या वाट्याला शोषण आले, आणि त्या बहुसंख्येने दलित घरांतील होत्या. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’ पत्रातून या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली, विठ्ठल रामजी शिंदे यांनीही तो प्रश्न लावून धरला, मुंबई प्रांतात १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा आला आणि महाराष्ट्राने देवदासी प्रथा नष्ट करणारा स्वतंत्र कायदा २००५ मध्ये केला. आज जागरणात मुरळी म्हणून उभ्या राहणाऱ्या स्त्रिया बहुधा कलावंत म्हणून काम करतात. या इतिहासामुळे मराठी लेखकावर एक जबाबदारी येते, जी हेडीझ-पर्सेफनीवर लिहिणाऱ्यावर त्या स्वरूपात येत नाही: अमर नायकाने निवडले हे नायिकेचे भाग्य, एवढ्यावर त्याला थांबता येणार नाही. कळप मारून मिळवलेला होकार हा होकार आहे काय, हाही प्रश्न आजची वाचक विचारील आणि तिने तो विचारलाच पाहिजे. बाणाईच्या कथेची ताकद अशी की ती हे प्रश्न पेलू शकते, कारण लोकगीतांतील बाणाई मुकी नाही. ती सवतीला आणि देवालाही तोंडावर बोलते.

या भागाची दुसरी जिवंत परंपरा तमाशाची. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी मानली जाते, कारण यात्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या तेथे लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव त्या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. तमाशात गणानंतर येणारी गौळण ही कृष्णकथेचे सर्वांत खेळकर रूप आहे: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि तोंडाळ मावशी. यात भक्ती, चावटपणा आणि सासुरवाशिणीची कुचंबणा एकत्र नांदतात. मात्र गौळणीचा प्रेक्षक प्रामुख्याने पुरुष राहिला, म्हणून तरुण वाचिकेच्या दृष्टीने तिचे महत्त्व रुक्मिणीच्या पारायणाइतके नाही.

दूरचित्रवाणीने मात्र ही भिंत पाडली. झी मराठीवरील ‘जय मल्हार’ ही मालिका मे २०१४ ते एप्रिल २०१७ अशी जवळपास तीन वर्षे चालली, देवदत्त नागे यांचा खंडोबा, सुरभी हांडे यांची म्हाळसा आणि ईशा केसकर यांची बानू, म्हणजे बाणाई, घराघरांत पोहोचली, आणि लोकगीतांतील प्रेमत्रिकोण शहरी तरुणांच्याही बोलण्यात आला. मालिकेने कथेला दागिन्यांनी आणि संगणकीय चमत्कारांनी मढवले, मेंढरांच्या वाड्याचा घामट वास त्यात उरला नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण तिने एक गोष्ट वादातीत सिद्ध केली: मराठी तरुणाला देवांची प्रीतिकथा हवी आहे. त्या तीन वर्षांत एखाद्या प्रकाशकाने बाणाईवर पंधरा वर्षांच्या मुलीला वाचता येईल अशी कसदार कादंबरी काढली असती, तर तिला वाचक शोधत हिंडावे लागले नसते. त्याऐवजी पुस्तकांच्या दुकानांत अमीश त्रिपाठी यांच्या शिवकथेचे आणि हॅरी पॉटरचे मराठी अनुवाद मांडले गेले. अनुवाद यावेत, त्यांनी वाचनाची सवय लावली. पण त्यांच्यामागे मूळ मराठी पुस्तकांची रांग उभी राहिली नाही.

अशा पुस्तकाचे स्वरूप काय असावे, याविषयी या आढाव्यातून काही गोष्टी निघतात. परकीय साच्यात नायिका बहुधा ‘निवडलेली’ असते, तिच्यात गुप्त शक्ती असते आणि तिच्यावर जगाचे भवितव्य अवलंबून असते. मराठी परंपरेतील नायिका स्वतः निवडणारी आहे, आणि तिच्या निवडीचा परिणाम जगावर नव्हे तर घर, गोत, जात आणि कळप यांच्यावर होतो. परकीय नायक गूढ आणि रुबाबदार असतो. येथला देव झाडू हातात घेतो. तेथे प्रेमाची परिणती लग्नात किंवा बलिदानात होते. येथे लग्नानंतर सवत असते, आणि दोन बायकांना एकमेकींशी जमवून घ्यावे लागते. हे फरक सांभाळले तर पुस्तक मराठी होईल, आणि ते पुसून केवळ नावे बदलली तर ते बाजारातील शंभर पुस्तकांपैकी एक होईल. भाषेचा प्रश्नही आहेच. पुराण म्हटले की मराठी कादंबरी संस्कृतप्रचुर अलंकारांकडे वळते. बाणाईला ते बोलणे शोभणार नाही. तिची भाषा पारनेरच्या माळावरची, तुटक आणि ठसकेबाज असावी लागेल, आणि ती लिहिण्यासाठी लेखकाला पठारावरच्या वाघ्या-मुरळ्यांपुढे बसून ऐकावे लागेल.

ऐकणारे लवकर जायला हवेत. रात्रभराची जागरणे दोन-तीन तासांत आटोपण्याची रीत वाढत आहे, सुट्या गाण्यांची ध्वनिमुद्रणे कथेच्या सलग पाठाची जागा घेत आहेत, आणि ज्यांना बाणाईची कथा आरंभापासून शेवटपर्यंत लावता येते असे वाघे म्हातारे झाले आहेत. ढेरे आणि सोन्थायमर यांनी अभ्यासकांसाठी जे केले, ते आता तरुण वाचकांसाठी कोणीतरी केले पाहिजे. जुन्नर, आंबेगाव आणि पारनेर येथील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी नळवणे, कोरठण आणि धामणी येथील जागरणे सलग ध्वनिमुद्रित करून घ्यावीत, त्यांची संहिता पाठभेदांसह छापावी, आणि प्रकाशकांनी ती संहिता नव्या लेखकांच्या, विशेषतः या गावांतून आलेल्या मुलींच्या हाती द्यावी.